लडाखची तळी, अंदमानची बेटं: पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन निघालेल्यांसाठी

अंदमानातल्या पहिल्या पहाटेचे माझ्याकडे बेचाळीस फोटो आहेत आणि बेचाळीसही धुक्यातले आहेत. त्या दिवशी कालापथरच्या किनाऱ्यावर धुकं अजिबात नव्हतं. रात्रभर एसीच्या खोलीत गार पडलेला कॅमेरा मी दमट हवेत बाहेर काढला आणि लेन्सवर बाष्प धरलं. रुमालानं पुसलं, पुन्हा धरलं, पुन्हा पुसलं. एवढ्यात सूर्य वर येऊन गेलासुद्धा.

त्याआधीच्या लडाखच्या सहलीत वेगळीच फजिती झाली होती. पँगाँगच्या तंबूत कॅमेरा रात्रभर खुर्चीवर ठेवला. सकाळी बॅटरी लाल. झोपताना ती जवळपास पूर्ण भरलेली होती.

फोटोग्राफी मी कुठे शिकलेले नाही. नोकरी करते, सुट्ट्या साठवते आणि फिरते. या दोन्ही सहली दोनदोनदा केल्या, त्यातल्या दुसऱ्या वेळचे फोटो बरे आले. फरक कॅमेऱ्यात नव्हता, तोच होता. ओल, थंडी, घड्याळ आणि पाणी यांचं गणित तेवढं समजलं होतं. ते गणित खाली क्रमानं मांडते. मोबाइलवर फोटो काढणार असाल तरी यातलं बहुतेक सगळं लागू आहे.

१. आधी महिना ठरवा, मग चंद्र बघा

लडाखच्या तळ्यांसाठी जून ते सप्टेंबर, अंदमानसाठी नोव्हेंबर ते एप्रिल. हिवाळ्यात पँगाँग गोठतं, तेही देखणं असतं म्हणतात, पण पहिल्या सहलीला ते धाडस करू नका. अंदमानात मे महिन्यापासून पावसाळा सुरू होतो, समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि मग बेटाऐवजी धक्क्याचेच फोटो मिळतात.

महिना ठरला की कालनिर्णय काढा. आकाशगंगा हवी असेल तर अमावस्येच्या आगेमागे चार दिवस. चांदण्यात चमकणारं तळं हवं असेल तर पौर्णिमा. दोन्ही एकाच सहलीत मिळत नाहीत. विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून मी पहिल्यांदा पौर्णिमेला गेले आणि तारे शोधत बसले.

२. कागदपत्रं

लडाखसाठी:
- आधार किंवा मतदार ओळखपत्र, मूळ प्रत आणि चारपाच झेरॉक्स.
- पर्यावरण वगैरे शुल्क ऑनलाइन भरल्यावर मिळणारा कागद. त्याच्याही चारपाच प्रिंट. वाटेतल्या चेकपोस्टवर ड्रायव्हर एकेक देत जातो. भारतीय नागरिकांवरची इनर लाइन परमिटची (सीमाभागात जायच्या परवान्याची) अट २०२१ मध्ये काढली, पण हा सीमेलगतचा भाग आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी नियम पुन्हा बघा.
- पोस्टपेड सिम. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. हे लेहला उतरल्यावर कळणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

अंदमानसाठी: ओळखपत्र आणि बोटीच्या तिकिटांच्या प्रिंट. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजय पुरम झालं आहे, तर हॅवलॉक आणि नील ही बेटं २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत. तिकिटावर एक नाव आणि रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं, असं होणारच. गोंधळू नका.

दोन्हीकडे: कॅमेरा आणि लेन्सच्या सीरियल नंबरचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा. हरवलं तर पोलिसांना आणि विमा कंपनीला सांगायला काहीतरी हवं.

३. बॅग

माझी यादी:
- एक रुंद लेन्स, एक लांबची (७०-३०० एमएमसारखी). एवढंच.
- तीन बॅटऱ्या.
- ६४ जीबीची तीन-चार कार्डं. एकच मोठं कार्ड नको, ते बिघडलं तर सगळी सहल जाते.
- हाताच्या दाबावर चालणारा ब्लोअर, मऊ कापड, पोलरायझर फिल्टर (चकाकी कापणारी, फिरवता येणारी काच).
- हलका ट्रायपॉड.
- झिप असलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या, मोठ्या आकाराच्या सहा. या सगळ्या यादीत सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी वस्तू हीच.
- सिलिका जेलच्या पुड्या.
- चार खाचांचा एक्स्टेन्शन बोर्ड. पँगाँगच्या कँपमध्ये वीज बहुधा संध्याकाळी काही तासच असते आणि तंबूत प्लग एखादाच.
- डोक्याला लावायचा टॉर्च, लाल दिव्याचा असेल तर उत्तम.

सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनच्या बॅगेत त्या चालत नाहीत. मर्यादा १०० वॉट-तासांची असते आणि २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तास भरते, म्हणजे काळजी नाही.

ड्रोन घरी ठेवा. एकीकडे चीनची सीमा, दुसरीकडे नौदल. परवानगीच्या मागे लागण्यात सुट्टी संपेल.

४. लेहमध्ये दोन दिवस काहीही करू नका

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. पुण्याहून सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत तिथे पोचतो आणि शरीराला हे कळायला वेळ लागतो. पहिले ४८ तास झोपा, पाणी प्या, फार तर संध्याकाळी बाजारात चक्कर मारा. मी पहिल्या वेळी दुसऱ्याच दिवशी पँगाँग गाठलं. वाटेतली चांग ला ही खिंड ५,३०० मीटरपेक्षा उंच आहे. तिथे मी फोटोंच्या नादात अर्धा तास बर्फात नाचले आणि उरलेला दिवस गाडीत डोकं धरून बसले. तळं दिसलं तेव्हा मला फक्त उशी हवी होती.

खिंडीत दहा-पंधरा मिनिटांच्या वर थांबू नका. डोकेदुखी वाढत असेल, उलट्या होत असतील, चालताना तोल जात असेल, तर फोटो सोडा आणि खाली उतरा. गोळ्यांचं निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, गाडीतल्या सहप्रवाशाला नको.

५. तळ्याकाठी: निळ्यासाठी दुपार

पहाटेचा आणि संध्याकाळचा उजेडच चांगला, असं प्रत्येक जण सांगतो. डोंगर, गोंपा (बौद्ध मठ), माणसांचे चेहरे यांच्यासाठी ते खरं आहे. पाण्याच्या रंगासाठी नाही. ऊन उंचावरून, तुमच्या पाठीमागून पाण्यात शिरलं की निळे-हिरवे पट्टे उघडतात. उन्हाची तिरीप आली की पाणी नुसता आरसा होतं, त्यात वरचं आकाश दिसतं, पाणी नाही.

पँगाँग सुमारे १३४ किलोमीटर लांब आहे, त्यातला साधारण एक तृतीयांश भाग आपल्याकडे. स्पांगमिक, मान, मेराक ही गावं दक्षिणेकडच्या काठावर आहेत. म्हणजे तळ्याकडे तोंड केलं की दुपारभर सूर्य पाठीशी. सकाळी दहा ते दुपारी तीन हा रंगाचा वेळ. नेमक्या याच वेळात एका दिवसात जाऊन येणाऱ्या गाड्यांची गर्दी असते, रंगीत स्टुलं आणि पिवळी स्कूटर यांच्याभोवती रांगा लागतात. तिथून मेराकच्या दिशेनं पुढे सरका. पाणी तेच आणि माणसं कमी.

पहाट वेगळ्या कारणासाठी राखा. वारा पडलेला असतो, डोंगर पाण्यात जसाच्या तसा उतरतो. दुपारनंतर वारा सुटतो आणि ते प्रतिबिंब मोडतं.

दोन सापळे. पोलरायझर इथे जपून. एवढ्या उंचीवर आकाश मुळातच गडद, त्यात फिल्टर पूर्ण फिरवला की ते शाईसारखं काळं होतं, आणि रुंद लेन्सवर एक कोपरा गडद, दुसरा फिका. मी अर्धाच फिरवते, पुष्कळदा काढूनच टाकते. दुसरा सापळा पांढऱ्याचा. त्सो कारच्या काठावर मिठाचा पांढरा थर आहे, डोंगरावर बर्फ आहे. कॅमेरा एवढं पांढरं बघून घाबरतो आणि सगळं राखाडी करून टाकतो. एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) अर्ध्या ते एका स्टॉपनं, म्हणजे पायरीनं, वाढवा. मोबाइलवर बोट दाबून सूर्याचं चिन्ह किंचित वर सरकवा, तेच काम होतं.

वाऱ्यात उघड्यावर लेन्स बदलू नका. लडाखची धूळ पिठासारखी बारीक असते. ती सेन्सरवर बसली की पुढच्या प्रत्येक निळ्या आकाशात तेच चार ठिपके. गाडीत बसून, काचा बंद करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदला.

वेळ असेल तर पँगाँगवर एक रात्र कमी करून त्सो मोरिरीला द्या. ४,५०० मीटरवरचं हे तळं, काठाला कोरझोक गाव, गर्दी तुलनेनं फार थोडी. रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा आहे. पट्टकादंब आणि चक्रवाक इथे वीण करतात. तेच पाहुणे हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर दिसतात. भिगवणला नावेतून मी त्यांचे शेकडो फोटो काढले होते, पण पिल्लांच्या रांगेसकट ते पहिल्यांदा पाहिले ते इथे. लांबची लेन्स यासाठीच. पाणथळीत उतरू नका, गाडी तर काठावर नेऊच नका.

६. रात्र आणि बॅटरी

जादा बॅटऱ्या मोज्यात घालून मोजा स्लीपिंग बॅगमध्ये, पोटाजवळ. कॅमेऱ्यातलीही काढून तिथेच. थंडीनं मेलेली वाटणारी बॅटरी फेकू नका, खिशात दहा मिनिटं गरम केली की थोडी चार्ज परत दाखवते.

ताऱ्यांसाठी: ट्रायपॉड, रुंद लेन्स, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडं, २४ एमएमवर साधारण २० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००. फोकस हातानं, एखाद्या ठळक ताऱ्यावर, मागच्या पडद्यावर मोठं करून. हे संध्याकाळी उजेड असतानाच एकदा करून बघा. अंधारात, हातमोजे घालून मेन्यू शोधणं हा निव्वळ छळ आहे.

इंटरनेटवरची चित्रं बघून प्रत्येकाला तळ्यावर उभी आकाशगंगा हवी असते. स्पांगमिकला उभं राहिलं तर पाणी उत्तर-ईशान्येला आणि आकाशगंगेचा दाट भाग दक्षिणेला. म्हणजे ती तंबूंच्या मागे, डोंगरावर उगवते. मी पहिल्या रात्री पाण्याकडे तोंड करून तासभर वाट पाहिली! तळ्यासोबत हवं असेल तर ध्रुवतारा घ्या. तिथे तो क्षितिजापासून सुमारे ३४ अंशांवर असतो, पुण्याहून दिसतो त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. ३० सेकंदांचे शंभरेक फोटो सलग घेऊन जोडले की त्याच्याभोवती ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेषा उमटतात आणि खाली पाणी. जनरेटर बंद होऊन कँपचे दिवे गेले की मग सुरू करा.

गार कॅमेरा गरम खोलीत नेण्याआधी बाहेरच पिशवीत घालून झिप बंद करा. बाष्प धरलंच तर पिशवीवर धरेल.

७. बेटांवर घड्याळ तास-सव्वा तास पुढे धरा

अंदमान आपल्याच प्रमाणवेळेवर चालतं, पण आहे खूप पूर्वेला. डिसेंबरात पावणेसहाच्या आत सूर्य उगवतो आणि पाचच्या सुमाराला बुडतो. मुंबईकराच्या हिशेबानं आपण साडेचारला चहा घेऊन, पाचला आवरून सूर्यास्ताला निघतो. राधानगरला आम्ही पोचलो तेव्हा लोक टॉवेल झटकत परत येत होते. साडेतीनला किनाऱ्यावर हजर राहा.

दिशा पाठ करा. स्वराज द्वीपवर राधानगर पश्चिमेला, म्हणजे सूर्यास्त, आणि कालापथर पूर्वेला, म्हणजे सूर्योदय. शहीद द्वीपवर लक्ष्मणपूर सूर्यास्ताचं, सीतापूर सूर्योदयाचं. भरतपूरचं पाचूसारखं पाणी मात्र भर दुपारी, तळ्याचाच नियम. इथे पोलरायझर मनसोक्त फिरवा, पाण्यावरची चकाकी गेली की तळाची वाळू आणि प्रवाळाचे काळसर डाग दिसायला लागतात.

मग भरती-ओहोटी. आमची आजी दापोलीची. तिचा आडाखा होता, तिथीला पाऊणनं गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. कोकणात तो अजून ढोबळ चालतो. मी मोठ्या ऐटीत शहीद द्वीपवर तो लावला आणि खडकातल्या नैसर्गिक कमानीपाशी पोचले तर वाटच पाण्याखाली. तो आडाखा आपल्या किनाऱ्याचा, त्यांच्या नाही. तिथलं भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर बघा किंवा हॉटेलातल्या पोऱ्याला विचारा, त्याला तोंडपाठ असतं. कमान ओहोटीलाच गाठता येते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचं पाणी सर्वात आत जातं, त्या दिवसांत खडकांतली डबकी, खेकडे, समुद्रकाकड्या सगळं उघडं पडतं. पायात चपला घट्ट पट्ट्याच्या हव्यात, खडक धारदार आहेत.

बोटीबद्दल एक. काही खासगी बोटी पूर्ण बंद, एसीच्या असतात, काचेतून काढलेले फोटो मिठाच्या डागांसकट येतात. सरकारी बोटीच्या डेकवर उभं राहता येतं. वेळ जास्त जातो आणि तिकिटासाठी धावपळही होते, पण उडणारे मासे मला तिथेच दिसले. फोटो एकही आला नाही, ते सोडा.

८. ओल, मीठ, वाळू

पहाटे निघायचं असेल तर कॅमेरा रात्री बंद पिशवीत घालून एसी नसलेल्या जागी ठेवा. बाथरूम नको, बाल्कनी किंवा कपाट चालेल. राहिलंच तर निघण्याआधी अर्धा-पाऊण तास पिशवीतच बाहेर काढून ठेवा आणि तोवर झिप उघडू नका. घाईनं पुसत बसलात तर माझ्यासारखे बेचाळीस फोटो.

किनाऱ्यावरून परतल्यावर, जेवणाच्याही आधी, हे करा. ब्लोअरनं वाळू उडवा. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडानं कॅमेरा, ट्रायपॉडचे पाय पुसा. मग कोरड्या कापडानं. क्रम उलटा केलात तर वाळूनं काच घासली जाते. ट्रायपॉडचे पाय समुद्राच्या पाण्यात उभे केले असतील तर सगळे जोड उघडून धुवा.

मोबाइलचं पाण्यात न्यायचं पाऊच घेतलं असेल तर आधी आत टिश्यू पेपर घालून बादलीत तासभर बुडवून बघा. टिश्यू कोरडा तर मोबाइल सुरक्षित. पाण्याखाली पडद्याला बोट कळत नाही, आवाजाच्या बटणानं फोटो निघेल अशी सेटिंग किनाऱ्यावरच करून ठेवा. चार-पाच मीटर खाली लाल रंग विरून जातो, सगळं निळंहिरवं येतं. तो दोष तुमच्या मोबाइलचा नाही. स्कूबावाले तुमचे फोटो काढून देतात, ते व्हॉट्सअ‍ॅपवर न घेता मूळ फाइल कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. आणि फोटोसाठी प्रवाळावर उभं राहू नका. दगड दिसला तरी तो जिवंत आहे.

९. काय काढू नये

लेह आणि पोर्ट ब्लेअर दोन्ही विमानतळांवर सैन्यदलांचा वावर आहे, आपल्या लोहगावसारखाच. धावपट्टीवर उतरताना मोबाइल खिशात ठेवा. पूल, छावण्या, सीमेवरची ठाणी, तेच.

बारातांगला जाताना रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्यानं सोडतात. तिथे फोटो काढणं हा १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमांखाली गुन्हा आहे, तुरुंगवास होऊ शकतो. शिक्षा बाजूला ठेवली तरी, गाडीच्या काचेतून माणसं बघायला जाणं मला पटलं नाही. आम्ही बारातांग वगळलं.

किनाऱ्यावरचं प्रवाळ, शिंपले आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. विमानतळावर एक्स-रेत ते दिसतात आणि प्रवाळ वन्यजीव कायद्यात येतं. आमच्या पुढच्या रांगेतल्या काकूंची पिशवी भर गर्दीत उपसली गेली.

गोंपांमध्ये भिंतीवरच्या चित्रांवर फ्लॅश नको. चांगपा या भटक्या पशुपालकांच्या तंबूजवळ, त्यांच्या बकऱ्यांजवळ गेलात तर आधी "जुले" (नमस्कार) म्हणा, बसा, चहा आला तर घ्या, मग विचारा. नाही म्हणाले तर नाही. कोरझोकच्या एका आजींनी होकार दिला तो एका अटीवर, कागदावरचा फोटो हवा. पुण्याला येऊन दोन प्रती काढल्या आणि आमच्या ड्रायव्हरच्या, अचो-लेंच्या (लडाखीत दादा), लेहच्या पत्त्यावर पाठवल्या. पुढच्या हंगामात त्यांनी त्या पोचवल्याचं कळवलं. पाठवणार नसाल तर पाठवते म्हणू नका.

सेल्युलर जेलला जाणारच आहात. सावरकरांची कोठडी लहान आहे आणि बाहेर रांग असते. रुंद लेन्स लावूनच वर चढा. तिथे मी एकच फोटो काढला, बाकी वेळ नुसती उभी राहिले.

१०. रोज रात्रीची पंधरा मिनिटं

कार्डावरचे फोटो रोज दुसऱ्या जागी उतरवा, छोटी एसएसडी (खिशात मावणारी साठवणुकीची डिस्क) असेल तर उत्तम. तळ्यांवर नेट नसतं, बेटांवर असलं तरी मोठ्या फाइली चढवण्याइतकं नाही. घरी दोन प्रती झाल्याशिवाय एकही कार्ड फॉरमॅट करू नका. बोटीत, झोपेत, "हे रिकामंच आहे" म्हणत मी एक फॉरमॅट केलं आहे.

मग मोबाइलवर बोलून दोन मिनिटांची नोंद करा: आज कुठे, कोण भेटलं, काय खाल्लं, वारा कसा होता. सगळी निळी पाणी वर्षभरानं सारखीच दिसायला लागतात. मान कुठलं आणि मेराक कुठलं ते माझे पहिल्या सहलीचे फोटो आज सांगू शकत नाहीत. दुसऱ्या सहलीचे सांगतात, कारण मागे माझाच दमलेला आवाज आहे.

११. घरी आल्यावर

आठवडाभरात निवड करा, नाहीतर होत नाही. दीड हजारांतले साठ ठेवा आणि त्यातले वीस छापून घ्या. छापताना नुसती पाणी-डोंगर घेऊ नका. आमच्या अल्बममधला आईचा आवडता फोटो पँगाँगचा नाही. तांगत्सेच्या ढाब्यावर बाबा दोन्ही हातांनी मॅगीचा वाडगा धरून बसलेत, नाक लाल, तो आहे.

अंदमानहून मार्च-एप्रिलात परतलात तर पाऊस दोनतीन महिन्यांवर आलेला असतो. लेन्समध्ये उरलेल्या ओलीवर जूनपासून बुरशी धरते, ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते आणि आतून पुसता येत नाही. कॅमेरा लगेच चामड्याच्या बॅगेत कोंबू नका. एक दिवस पंख्याखाली उघडा ठेवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट बंद करा. निळ्या खड्यांचं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळं करता येतं. खिडकी उघडी ठेवा आणि तवा मात्र पोळ्यांचा घेऊ नका.